पुडी एक, पाणी एक लिटर

प्रश्न : सून चौथी शिकलेली. आई कमी शिकलेली असली की मुलं जास्त आजारी पडतात, हे खरं का?

उत्तर : संबंध आहे, पण सगळं शाळेवर ढकलू नका, गरिबी, लवकर लग्न, अशुद्ध पाणी हेही त्यात असतंच. शिक्षणाचा उपयोग जुलाबात दिसतो. ओआरएसच्या (जुलाबात पाण्यात विरघळवून द्यायच्या मीठ-साखरेच्या) मोठ्या पुडीवर ‘एक लिटर’ छापलेलं असतं. वाचता आलं नाही की थोडीथोडी पेलाभर पाण्यात पडते, मीठ जास्त होतं आणि बाळाला ते घातक. लिटरची बाटली मोजून घ्या, अख्खी पुडी एकदम विरघळवा. 24 तासांनंतर उरलेलं ओतून द्या. जुलाबात सहा महिन्यांपुढच्या बाळाला झिंकची (जस्ताची) गोळी रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले की गोळी बंद करतात, ही नेहमीची चूक. सुनेला कॅलेंडरवर रोज फुली मारायला सांगा.