टाकी भरली की जोडी बदला: ३८ टक्के दिसत असताना ड्रोन खाली का बसला

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. थोडक्यात असं झालं: घाटंजीकडच्या वावरात पऱ्हाटीवर फवारणी होती. पहिली टाकी नीट झाली. ड्रोन उतरला तेव्हा स्क्रीनवर ३८ टक्के दिसत होते, म्हणून तीच बॅटरी ठेवून दुसरी टाकी भरली. उडाल्यावर दोनेक मिनिटांत इशारा वाजला, आणि परत बोलवेपर्यंत ड्रोन हळूहळू खाली बसत पऱ्हाटीत गेला. एक आर्म (पंखा धरणारा दांडा) आणि दोन पंखे गेले. विकणारा म्हणतो पायलटची चूक. तुम्ही विचारता की बॅटरी खराब आहे का, आणि शेवटी लिहिता की माझ्यामुळे बचत गटाचं नुकसान झालं.

आधी हे शेवटचं वाक्य मनातून काढा. याच चुकीने माझाही ड्रोन पडला आहे, आणि तेव्हा माझ्या हाताला दोन हंगामांची सवय होती.

तुमच्या लिहिण्यातला सगळ्यात कामाचा शब्द ‘हळूहळू’ हा आहे. कनेक्टर निसटला किंवा वायरचा टाका सुटला तर ड्रोन दगडासारखा पडतो, आणि त्याचा लॉग (ड्रोनने ठेवलेली उड्डाणाची नोंद) हवेतच संपतो. तुमचा ड्रोन बसत गेला. म्हणजे वीज होती, पण मोटरांना लागेल तेवढी मिळत नव्हती. लॉग उघडून पाहा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात व्होल्टेज खाली जाताना आणि थ्रॉटल (मोटरांना दिलेला जोर) वर चढत टोकाला गेलेला दिसेल. तसं दिसलं तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. लॉग मधेच तुटलेला असेल तर मात्र कनेक्टर पाहा: पिना काळवंडल्या आहेत का, उतरल्यावर बाकी वायरपेक्षा तिथेच जास्त चटका लागतो का. तसं असेल तर तो कनेक्टर बदलेपर्यंत उडवू नका.

आता त्या ३८ टक्क्यांबद्दल. बॅटरीत किती चार्ज उरला हे थेट मोजणारं काही ड्रोनमध्ये नसतं. एक तर व्होल्टेज पाहून अंदाज लावतात, नाहीतर किती करंट गेला त्याचा हिशोब ठेवून तो भरलेल्या आकड्यातून वजा करतात. काही ड्रोन दोन्ही मिळून काढतात. तिन्ही पद्धतीत फसगत होते, फक्त वेगवेगळ्या वाटेने.

हिशोबाची पद्धत घ्या. तुमची जोडी १६,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), सहा-सहा सेलच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडून. ३८ टक्के उरले म्हणजे साधारण ९,९०० खर्च झाले असं ड्रोन म्हणतो. पण जोडी दोन हंगाम वापरलेली आहे. समजा तिच्यात आता खरे १३,००० च मावतात. ड्रोनला ते कोणी सांगितलेलं नसतं, तो लेबलवरच्या १६,००० मधूनच वजा करतो. खरे उरले ३,१००. दहा लिटरची टाकी भरलेली असताना आपल्या या आकाराच्या ड्रोनला ८० ते ९० अँपिअर लागतात. ३,१०० एमएएच म्हणजे ३.१ अँपिअर-तास, त्याला ८५ ने भागून तासाची मिनिटं करून पाहा, दोन मिनिटं आणि थोडे सेकंद येतात. तुम्ही लिहिलं तेवढेच.

त्यातही शेवटचा भाग भरल्या टाकीसाठी कामाचाच नसतो. व्होल्टेजची गोष्ट इथे येते, आणि ती नीट समजून घ्या, कारण आपल्या कामात बहुतेक ड्रोन इथेच पडतात.

लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. उडायला लागला की लवकर ३.९ च्या आसपास येतो, मग ३.७ पर्यंत बराच वेळ रेंगाळतो, आणि त्याखाली गेला की धुऱ्यावरून पाय घसरावा तसा खाली जातो. रेंगाळण्याच्या त्या सपाट भागात सेलमागे ०.०५ व्होल्टचा फरक म्हणजे दहाएक टक्क्यांचा फरक. तुमच्या ड्रोनचं व्होल्टेज मोजणारं सर्किट एवढं चुकत असेल तर टक्केवारीला काय अर्थ उरला? साधा मल्टिमीटर घ्या, बॅटरी जोडून ड्रोन जमिनीवर असताना मुख्य तारांवर मोजा आणि स्क्रीनशी ताडून पाहा. बारा सेल मिळून स्क्रीन अर्धा व्होल्ट जरी जास्त दाखवत असेल तरी सेटिंगमध्ये दुरुस्त करून घ्या.

दुसरी बाब, हे व्होल्टेज ओझ्याप्रमाणे हलतं. प्रत्येक सेलच्या आत थोडा अडथळा असतो, तो मिलिओहममध्ये मोजतात. नव्या सेलचा दोनच्या आसपास धरा, थकलेल्याचा पाच. जितका करंट ओढाल तितकं व्होल्टेज या अडथळ्यात जिरतं. टाकी रिकामी होत आली की ड्रोन दहा किलोने हलका होतो आणि ८५ अँपिअरचे चाळिशीत येतात. थकलेल्या सेलचं व्होल्टेज तेव्हा फक्त ०.२ ने दबतं. उतरून मोटरा बंद केल्या की तेही परत वर येतं. म्हणजे जमिनीवर तुम्ही ज्या क्षणी स्क्रीन पाहता, तो बॅटरी सगळ्यात टवटवीत दिसण्याचा क्षण असतो. सेल ३.७२ वर उभा आहे. आता त्याच बॅटरीवर भरली टाकी उचला: ८५ अँपिअर, पाच मिलिओहम, ०.४ च्या वर गेले. सेल ३.३ ला आला. तिथून व्होल्टेज कमी म्हणून मोटरा आणखी करंट ओढतात, करंट वाढला म्हणून व्होल्टेज आणखी पडतं. त्या घसरणीत सापडलेला ड्रोन रिमोटच्या काडीवर बोट ठेवून वर येत नाही.

म्हणून माझ्याकडे एकच नियम आहे आणि तो मी माझ्या मुलांनाही मोडू देत नाही: एक टाकी, एक जोडी. टाकीत औषध पडलं की बॅटरी बदलायची. स्क्रीनवर ३८ असो की ५५.

माझा प्रसंग सांगतो. आमचं हिंगणघाटकडचं वावर, डिसेंबर, तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी. सकाळी साडेसात, हात चोळावे लागत होते एवढी थंडी. रात्री लाईन दोनदा गेली म्हणून पाचपैकी तीनच जोड्या चार्ज झालेल्या. ४१ टक्के दिसले, म्हटलं अर्धी टाकी निघेल, आणि भरताना अर्ध्याऐवजी पाऊण भरली. दूरच्या टोकाला वळताना ड्रोन तिरपा झाला आणि तुरीत बसला. नंतर बॅटऱ्या काढून बॅलन्सच्या वायरीला (प्रत्येक सेलपासून येणाऱ्या बारीक तारांना) चेकर लावला, तो एकेका सेलचं व्होल्टेज दाखवतो. अकरा सेल ३.७० ते ३.७२. बारावा ३.४१. एवढा एकच. बारा सेलच्या बेरजेत तो दिसतच नव्हता, कारण बाकीच्या अकरांनी बेरीज सांभाळून घेतली होती. थंडीने त्याचा अडथळा आणखी वाढवला असणार, थंडीत हे होतंच. तेव्हापासून हिवाळ्यात बॅटऱ्या रात्री घरात ठेवतो आणि उडवल्यावर पहिलं अर्धं मिनिट टोंगळ्याएवढ्या उंचीवर थांबवतो. तेवढ्या वेळात व्होल्टेज किती दबतं ते स्क्रीनवर वाचून घेतो.

हा आकडा वाचायची सवय लावून घ्या. भरली जोडी, भरली टाकी, टोंगळ्याएवढी उंची, वीस सेकंद. चांगल्या जोडीचा आकडा लिहून ठेवा. ज्या दिवशी एखादी जोडी त्याच स्थितीत दीड-दोन व्होल्ट खाली दिसेल, तिला त्या दिवशी वावरात नेऊ नका.

सगळ्या बॅटऱ्यांवर ऑइल पेंटने खुणा करा: १अ, १ब, २अ, २ब. जोडी कधी फोडायची नाही. नवीन अ आणि जुनी ब एकत्र लावली की जुनी आधी बसते आणि नवीला कळतही नाही. बचत गटांना ड्रोन देणाऱ्या नमो ड्रोन दीदी योजनेत नेहमीच्या संचासोबत बॅटरीचे चार जादा संच ठरवलेले, म्हणजे पाच जोड्या. त्या पाळीने वापरा. वरची सोयीची म्हणून १ आणि २ च रोज काढल्या तर त्या दिवाळीपर्यंत थकतात आणि ५ नंबर फुकट म्हातारा होतो.

चार्जर जेव्हा ‘पूर्ण’ म्हणतो तेव्हा तो किती एमएएच परत भरले तेही सांगतो. मला या सगळ्या खटाटोपात त्या आकड्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. शंभर पानी वही घ्या, जोडीचा नंबर, ड्रोनने दाखवलेला खर्च आणि चार्जरने भरलेला आकडा शेजारी शेजारी लिहा. ड्रोन म्हणाला १०,००० गेले आणि चार्जरने १२,००० भरले, तर तुमचा करंट सेन्सर सहावा हिस्सा कमी मोजतो आहे. ते सेटिंगमध्ये १.२ पटीने दुरुस्त होतं. तुमच्याच गावातला संगणक येणारा मुलगा हे करू शकेल, पण आकडे तुमच्या वहीतले हवेत. आणि क्षमतेच्या खान्यात १६,००० च्या जागी जोडीची खरी क्षमता टाका. पाच जोड्यांमध्ये सगळ्यात थकलेली जी असेल तिची.

इशाऱ्याची पातळी मला शंकास्पद वाटते. दोन मिनिटांनंतर, बसायला लागल्यावर वाजला म्हणजे तो सेलमागे ३.३ च्या आसपास लावलेला असावा. उडत असताना बारा सेलला पहिला इशारा ४३.२ व्होल्टला आणि दुसरा ४२ ला ठेवा. जुन्या जोडीवर, भरल्या टाकीला तो लवकर वाजेल. वाजू द्या, त्रास होतो म्हणून खाली करू नका. पहिल्या इशाऱ्याला घरी परत, दुसऱ्याला आहे तिथेच उतर, असं लावा. उलटं किंवा दोन्हीकडे परतीचं लावू नका, कारण परतीच्या आदेशावर बरेच ड्रोन आधी ठरलेल्या उंचीपर्यंत वर चढतात आणि मग निघतात. वर चढताना सगळ्यात जास्त करंट लागतो. मरत्या बॅटरीला तेच झेपत नाही. पंप मात्र आधी बंद करा आणि ड्रोन स्वतः रिमोटने उडवत जवळच्या मोकळ्या पट्ट्यावर आणा.

पडलेल्या ड्रोनकडे पळत जाऊ नका, हे मी जोर देऊन सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, ते तुमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. माणसाने औषधाच्या फवाऱ्यात चालू नये म्हणून तर आपण हे यंत्र उडवतो. फुटलेल्या टाकीखाली, ओल्या पऱ्हाटीत उघड्या हाताने शिरलो तर मग काय उपयोग? हातमोजे, मास्क, गमबूट घालून जा, आधी पंखे थांबल्याची खात्री करा, मग बॅटरी सोडवा. आपटलेली बॅटरी गाडीत ठेवू नका. धुऱ्यावर उघड्या मातीत तासभर राहू द्या. सेलला आतून मार बसला असेल तर ती उशिरानेही पेटते.

उन्हाळ्याचं एक राहिलं. फवारणी जानेवारीत संपते आणि बॅटऱ्या जूनपर्यंत टिनाच्या खोलीत पडतात. आपल्याकडचा मे म्हणजे ४५ अंश, टिनाखाली त्याहून वर. पूर्ण भरलेली जोडी तिथे चार महिने राहिली की पोट फुगलेलं घेऊनच बाहेर येते. चार्जरमध्ये स्टोरेजचा पर्याय असतो, तो सेल ३.८ ते ३.८५ वर आणून थांबवतो. तसं करून मातीच्या भिंतीच्या, थंड खोलीत ठेवा, महिन्यातून एकदा चेकर लावा. श्रावणातली झडी चार-पाच दिवस चालली तरी हेच करा, भरून वाट पाहत बसू नका. आणि उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, तळहात सुखाने ठेवता येईल एवढी निवली की मगच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ती जोडी खराब आहे की फक्त थकलेली, हे चेकर लावल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि त्या आपटलेल्या जोडीला आता उडवूच नका. बाकी चार जोड्यांपैकी प्रत्येकीचा पूर्ण भरलेला आणि एका टाकीनंतरचा, सेलवार आकडा लिहून इथे टाका. कुठली जोडी ठेवायची आणि कुठली बाजूला करायची ते आपण मिळून पाहू. विकणाऱ्याशी बोलताना लॉग सोबत ठेवा, आणि इशाऱ्याची पातळी कोणी, कधी लावली हे त्याला विचारा.