फोनचं वय कशावरून मोजायचं? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

बॅटरी, जुने फोन आणि आपली खासगी माहिती या विषयांवर येणारे प्रश्न इतके सारखे असतात की एकेकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा ते एकत्र घेतलेले बरे. काही प्रश्नांमागे कुणीतरी पुढे ढकललेला मेसेज असतो, काहींमागे विक्रेत्याचा सल्ला. उपकरण प्रत्यक्ष हातात न घेता दिलेल्या उत्तराला मर्यादा असतात. म्हणून जिथे ‘दाखवून घ्या’ असं लिहिलं आहे, तिथे खरोखर दाखवून घ्या.

प्रश्न : फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

नाही. बॅटरी भरली की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. उशीखाली किंवा पांघरुणात मात्र ठेवू नका.

प्रश्न : महिन्यातून एकदा बॅटरी शून्यापर्यंत उतरवून मग पूर्ण भरावी, नाहीतर तिची क्षमता घटते, असं मला सांगितलं गेलं. हे खरं का?

हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. तुमच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे. ती १९९१ मध्ये बाजारात आली, आणि तरीही जुना सल्ला आजतागायत फिरतोच आहे. लिथियम-आयनला दोन्ही टोकं सोसत नाहीत. अगदी रिकामी होणंही नाही आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापत राहणंही नाही. त्यातही उष्णता जास्त वाईट. रात्रीच्या चार्जिंगपेक्षा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेल्या फोनची मला जास्त काळजी वाटते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये असेल तर ती सुरू करा. फोन काही महिने कपाटात ठेवायचा असेल तर साधारण निम्मा चार्ज करा आणि बंद करून ठेवा.

बॅटरी शेवटी झिजतेच. शंभर टक्के चार्ज वापरला गेला की एक चक्र झालं असं धरतात, मग तो एका बैठकीत वापरलेला असो की दोन-तीन दिवसांत थोडा थोडा. आयफोन १४ पर्यंतच्या फोनमधली बॅटरी ५०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी रचना असल्याचं अ‍ॅपल सांगते. आयफोन १५ साठी हाच आकडा १००० आहे.

प्रश्न : टॅबलेटची मागची बाजू किंचित फुगली आहे. दोन महिने झाले, पण चालतो व्यवस्थित. मुलं त्यावर गोष्टी पाहतात. अजून थोडे दिवस चालवावा का?

आजच बंद करा. आतल्या बॅटरीत वायू साठल्यामुळे ती फुगली आहे, आणि अशी बॅटरी पेट घेऊ शकते. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, स्वतः उघडू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून आणि मुलांपासून दूर ठेवा, अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी फोन करा आणि तिथवर कसा न्यायचा हे त्यांनाच विचारा. हे दोन महिने जायलाच नको होते.

प्रश्न : तीन वर्षांचा फोन फार संथ झाला आहे. विक्रेता म्हणतो, आता नवाच घ्या.

तो विकणारच. तुम्ही आधी बॅटरीची स्थिती तपासून घ्या. बॅटरी थकली की तिला अचानक लागणारी शक्ती पुरवता येत नाही, आणि फोन मध्येच बंद पडू नये म्हणून काही फोनमधलं सॉफ्टवेअर प्रोसेसरचा वेग कमी करतं. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये हे मान्य केलं. आपल्या जुन्या आयफोनमध्ये असं घडतं हे ग्राहकांना तोवर सांगितलंच गेलं नव्हतं, आणि त्याबद्दल २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. नुसती बॅटरी बदलून ठीक होणारे फोन त्या काळात किती जणांनी टाकून दिले असतील, याचा विचार केला की आजही वाईट वाटतं.

बॅटरी ठीक निघाली तर स्टोरेज किती भरलं आहे ते पाहा. मग बॅकअप घेऊन फोन एकदा पूर्ण रिसेट करा. नव्या फोनचा विचार त्यानंतर.

प्रश्न : फोनचा वेग वाढवणारं ‘क्लीनर’ अ‍ॅप कोणतं घ्यावं?

कोणतंही नाही. असलेलंही काढून टाका.

प्रश्न : मी नवा फोन घेतला. जुना सहा वर्षांचा आहे. त्याला अपडेट येणं दोन वर्षांपूर्वी थांबलं, पण स्क्रीन, कॅमेरा सगळं छान आहे. तो वडिलांना द्यायचा विचार आहे. ते फक्त मेसेज वाचतात, फोटो पाहतात आणि बँकेचं अ‍ॅप वापरतात. त्यांना एवढा पुरेल ना?

नाही पुरणार. या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण घरोघरी हेच चाललेलं दिसतं. घरात जो सर्वांत सावध, त्याच्या हाती सर्वांत नवा फोन. ज्यांना गाठून फसवायला लोक टपलेले असतात, त्या आईवडिलांच्या हाती सर्वांत जुना. हे नेमकं उलट हवं.

‘फक्त मेसेज वाचतात’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मेसेजचंच उदाहरण घेतो. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखले जाणारे दोष सापडले. मुद्दाम तसा बनवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला आणि फोनने तो आपणहून उतरवून घेतला, की मालकाने काहीही उघडण्याआधी फोनमध्ये शिरकाव करता येत होता. माणूस कितीही शहाणा असला तरी इथे त्याचं काही चालत नाही. उपाय एकच होता, दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली. तुमच्या फोनला तेच अपडेट आता येत नाहीत.

पुष्कळांना वाटतं, अपडेट थांबले म्हणजे फोन आहे त्या स्थितीत राहिला, बिघडला तर नाही. पण अपडेट थांबल्यावर फोन दर महिन्याला जास्त असुरक्षित होत जातो. कंपनी नव्या फोनसाठी दुरुस्ती जाहीर करते, तेव्हा चोरांना जुनं आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधता येतं. दोष कुठे होता हे त्यांना असं आयतं कळतं. तोच दोष तुमच्या जुन्या फोनमध्ये कायमचा शिल्लक असतो.

दिरंगाईची किंमत काय असते, हे मे २०१७ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने १५० देशांमधले दोन लाखांहून अधिक संगणक गाठले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज विस्कळीत केलं. ज्या दोषातून ते पसरलं, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. मधल्या दोन महिन्यांत ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांची यंत्रं बंद पडली. तुमच्या फोनच्या बाबतीत हा ‘नंतर’ दोन वर्षांचा झाला आहे.

‘पण अ‍ॅप तर अपडेट होतात’ असा प्रतिप्रश्न येतो. अ‍ॅप होतात. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये फोन चालवणाऱ्या मूळ प्रणालीचे काही भागही प्ले स्टोअरमार्फत दुरुस्त होतात. परंतु प्रणालीचा गाभा, चिपचं आणि मोडेमचं (फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं) सॉफ्टवेअर हे फोन बनवणाऱ्या कंपनीकडूनच यावं लागतं. खालचा मजला पोकळ असताना वर बँकेचं अ‍ॅप ताजं असून उपयोग काय?

तेव्हा असं करा. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. ती पाहा. ती तुम्ही लिहिता तशी दोन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर बँकेचं अ‍ॅप, मुख्य ईमेल आणि बँकेचे कोड ज्या सिमवर येतात ते सिम, यांतलं काहीही नको. गाणी ऐकायला, पुस्तकं वाचायला, घड्याळ म्हणून तो खुशाल वापरा. वडिलांसाठी साधा, कमी किमतीचा, पण अजून काही वर्षं अपडेट मिळणारा फोन घ्या. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. काही जण जुन्या फोनवर लिनिएजओएससारखी वेगळी प्रणाली बसवण्याचा सल्ला देतात. जाणकार माणूस ते स्वतःसाठी करू शकतो. वडिलांच्या बँकेच्या फोनवर करू नका, कारण अनेक बँकांची अ‍ॅप तिथे चालत नाहीत आणि चिपचं जुनं सॉफ्टवेअर तसंच राहतं. नवा फोन येईपर्यंत बँकेशी बोलून त्यांच्या ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी करून घ्या. हे या आठवड्यातच करा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल मोठ्या सवलतीत मिळतं आहे. घ्यावं का?

इथेही अपडेटचीच तारीख पाहा, पण ते कधीपर्यंत मिळणार याची. गूगलचा पिक्सेल ८ (२०२३) आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ (२०२४) या फोनांना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन त्या त्या कंपनीने दिलं आहे, पण ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. तुमच्या खरेदीच्या दिवसाशी त्यांचा संबंध नाही. सात वर्षांचं वचन असेल तर दोन वर्षं गेल्यावर पाच उरतात, सौदा वाईट नाही. वचन तीन वर्षांचं असेल तर उरलं एकच वर्ष, आणि ही गोष्ट सवलतीच्या जाहिरातीत छापत नाहीत. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनसाठी नियम केला आहे की त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. हिशेब खरा असाच हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव घालून शेवटची तारीख शोधा. सापडली नाही तर ग्राहक सेवेला लेखी विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : आम्ही घरात गादी घेण्याबद्दल नुसतं बोललो आणि फोनवर गादीच्या जाहिराती सुरू झाल्या. फोन आपलं बोलणं ऐकतो ना?

हा प्रश्न सतत येतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अ‍ॅप तपासली. मायक्रोफोन चोरून चालू करून आवाज बाहेर पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही अ‍ॅप मात्र पडद्यावर काय चाललं आहे याचं चित्रण त्रयस्थ कंपन्यांना पाठवताना सापडली.

जाहिरातवाल्यांना तुमचं बोलणं ऐकण्याची गरजच पडत नाही. घरातल्या कुणीतरी गादी शोधलेली असते, तुम्ही सगळे एकाच वायफायवर असता, तुमचं लोकेशन आणि खरेदीचा इतिहास आधीच विकला गेलेला असतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने टॉर्चच्या एका लोकप्रिय अ‍ॅपवर कारवाई केली. उजेड पाडण्यापलीकडे काम नसलेलं ते अ‍ॅप वापरणाऱ्यांचं लोकेशन जाहिरात कंपन्यांना देत होतं. २०१७ मध्ये याच आयोगाने व्हिझिओ या टीव्ही कंपनीला गाठलं, कारण तिचे टीव्ही पडद्यावर काय दिसतं आहे ते क्षणोक्षणी टिपून घेत होते आणि मालकांना त्याचा पत्ता नव्हता.

प्रत्येक अ‍ॅपच्या परवानग्या उघडून पाहा. लोकेशन ‘अ‍ॅप वापरताना’ एवढंच ठेवा, संपर्कयादी ज्याला खरोखर लागते त्यालाच द्या, फोनचा जाहिरात ओळखक्रमांक (ज्यावरून जाहिरात कंपन्या तुमचा फोन ओळखतात) काढून टाका. टीव्हीच्या सेटिंगमध्येही एकदा बसून हे करा. मायक्रोफोन चालू असताना नव्या फोनवर कोपऱ्यात ठिपका दिसतो. तो विनाकारण दिसत राहिला तर मात्र फोन जाणकाराला दाखवा.

प्रश्न : ब्राउझरच्या ‘इन्कॉग्निटो’मध्ये आपण कुणालाच दिसत नाही ना?

दिसता. तुमच्या उपकरणावर इतिहास साठत नाही, एवढंच. वेबसाइटला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसताच.

प्रश्न : पासवर्ड दर महिन्याला बदलावा का?

गरज नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब ठेवा. फुटल्याची शंका आली तर मात्र त्याच क्षणी बदला.

प्रश्न : फोन पाण्यात पडला, तांदळात ठेवला आहे, चालू होत नाही. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो त्यात आहेत. बॅकअप नाही.

तांदळातून काढा. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाहीत, त्यांचे बारीक कण मात्र आत जातात. खुद्द अ‍ॅपलनेही तांदळात ठेवू नका असंच सांगितलं आहे. फोन पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, चार्जिंगला लावू नका. आत ओलं असताना वीज गेली की गंज वेगाने वाढतो.

आजच्या फोनमधली माहिती कुलूपबंद स्वरूपात साठते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या चिपमध्ये असते. स्टोरेजची चिप काढून दुसरीकडे वाचता येत नाही, मूळ बोर्डच जिवंत करावं लागतं. म्हणून डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे आजच न्या, आणि ‘मला फोन नको, फोटो हवेत’ हे पहिल्या वाक्यात सांगा. दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलून दिलं तर फोन सुरू होईल, फोटो जातील. आधी क्लाउडवरही पाहा, कधीकधी फोटो तिथे आपोआप गेलेले असतात.

ज्यांचा फोन आत्ता कोरडा आहे त्यांनी हे उत्तर संपताच बॅकअप सुरू करावा. एक प्रत क्लाउडवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर.

प्रश्न : लॅपटॉप विकायचा आहे. सगळ्या फाइल डिलीट केल्या, रिसायकल बिनही रिकामं केलं. पुरेसं आहे?

नाही. डिलीट केल्यावर फाइल कुठे आहे ही नोंद जाते, मजकूर बहुधा तिथेच असतो आणि मोफत सॉफ्टवेअरनेही परत काढता येतो. डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे तिच्यातली माहिती कुलूपबंद करा, मग प्रणालीतली ‘सर्व काही काढून टाका’ ही रिसेटची सोय वापरा. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असेल तर वरून नुसता कचरा लिहिण्यावर भिस्त ठेवू नका. तिच्या निर्मात्याचं पुसण्याचं साधन वापरा. त्याआधी सगळ्या खात्यांतून लॉग आउट व्हा. रुग्णांची, ग्राहकांची किंवा पक्षकारांची कागदपत्रं त्यावर असतील तर घरी प्रयोग करू नका. व्यावसायिकाकडून पुसून घ्या आणि तसं लेखी प्रमाणपत्र मागा.

प्रश्न : बरीच वर्षं वापरलेला मोबाइल नंबर बंद करतो आहे. आधी काही करायला हवं का?

हो, आणि बरंच. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुमची खाती त्या नंबरला जोडलेली राहिली तर पासवर्ड बदलण्याचे कोड त्या अनोळखी माणसाकडे जातील. सर्वांत आधी ईमेलचा नंबर बदला, कारण बाकीची खाती ईमेलवरूनच परत मिळवता येतात. मग बँक, विमा, सरकारी ओळखपत्रं, मेसेजिंग. शक्य असेल तिथे एसएमएसऐवजी कोड देणारं अ‍ॅप किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेली किल्ली) लावा. बँकेचं काम शाखेत जाऊन करा, आणि नवा नंबर नोंदल्याची पोच हातात पडल्यावरच जुनं सिम बंद करायला सांगा.