प्रकाशन पुस्तकाचे, की पाहुण्यांचे?

प्रश्न : आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींचा दुसरा कवितासंग्रह बेळगावातील एका पुस्तकांच्या दुकानात प्रकाशित होणार असून कार्यक्रमाची जबाबदारी आम्हा माजी विद्यार्थ्यांवर आहे. पहिल्या संग्रहाच्या वेळी दीड तास सत्कार आणि भाषणे झाली. गुरुजींना कवितेसाठी जेमतेम पाच मिनिटे मिळाली. या वेळी काय करावे? गुरुजींचे कन्नडभाषक स्नेहीही येणार आहेत.
— एक वाचक, तालुका खानापूर

उत्तर : व्यासपीठच मांडू नका, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप मिटतील. दुकानात जागा थोडी असते, हा या वेळी आपला लाभ समजावा. प्रकाशनासाठी एक पाहुणा पुरे, आणि त्याने संग्रह आधी वाचलेला असावा, ही अट संकोच न करता घालावी. शाल-श्रीफळ द्यायचेच असेल तर ते फक्त गुरुजींना द्यावे.

उरलेला वेळ कवितांना द्या. गुरुजींनी आठ-दहा कविता सलग वाचाव्यात, आणि त्यांत खानापूरकडची बोली असेल तर ती जशी लिहिली आहे तशीच वाचावी. पुण्या-मुंबईच्या कानांसाठी तिला इस्त्री करण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि तिने सीमाभागातील कवितेचे नुकसानच केले आहे. प्रत्येक कवितेआधी तिचा अर्थ सांगण्याचा मोह मात्र त्यांना आवरायला लावा. (गुरुजींना हे सांगणे कठीण आहे, हे मान्य.)

कन्नड स्नेह्यांसाठी वेगळे भाषण नको. दोन कवितांचा कन्नड अनुवाद आधीच करून घ्यावा आणि मूळ कवितेपाठोपाठ तो त्यांच्यापैकीच कोणी वाचावा. शेजारच्या धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत, कविता कन्नडमध्ये लिहीत आणि त्यांना ज्ञानपीठ मिळाले, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

इंदिरा संत यांनी बेळगावात दीर्घकाळ राहून कविता लिहिली. ‘सहवास’ हा पती ना. मा. संत यांच्यासह काढलेला त्यांचा संग्रह 1940 चा. पुढे ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे जे संग्रह उपलब्ध असतील ते त्या दिवशी गुरुजींच्या पुस्तकाशेजारी मांडण्याची विनंती दुकानदारांना करावी, आणि लांबलचक प्रास्ताविकाऐवजी त्यांचीच एखादी कविता वाचून आरंभ करावा.

प्रती फुकट वाटू नयेत. ज्याला प्रत भेट मिळते तो ती पुष्कळदा न उघडताच कपाटात ठेवतो, आणि ज्या दुकानदाराने जागा दिली त्याचा गल्ला रिकामा राहतो. त्याचे कमिशन आणि उरलेल्या प्रतींचा हिशेब आधीच कागदावर ठरवावा. तारीख भाताच्या लावणीच्या दिवसांतली नसावी, आणि कार्यक्रम अशा वेळी संपवावा की गावाकडच्या श्रोत्यांना गुरुजींची स्वाक्षरी घेऊनही खानापूरची शेवटची बस गाठता येईल.