कॅनडाची जुनी सोन्याची नाणी २१,००० डॉलरला घेऊ का?

नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला आणि फोटो झूम करकरून बघितले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही कॅनडात मिसिसागात राहता, मुलगी सहा वर्षांची, ऑफिसमधले एक रिटायर झालेले सहकारी त्यांचा नाण्यांचा संग्रह विकतायत आणि त्यांनी आधी तुम्हाला विचारलंय. आठ नाणी आहेत. १९१२, १९१३, १९१४ ची दहा डॉलरची तीन, त्याच सालांची पाच डॉलरची तीन, १९११ चा ओटावात पाडलेला एक सॉव्हरिन म्हणजे आपली गिनी, आणि १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकचं शंभर डॉलरचं एक. सगळ्याचे २१,००० डॉलर. १४,००० तुम्ही सेव्हिंगमधून देणार आणि ७,००० लाइन ऑफ क्रेडिटवरून, म्हणजे बँकेकडून व्याजाने, काढणार, कारण "सोनंच आहे, मुलीच्या लग्नाला कामाला येईल".

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, पूर्ण लॉट घेऊ नका. एखादं नाणं मात्र जरूर घ्या, त्याचं पुढे सांगतो.

जुन्या नाण्याला दोन किमती असतात. एक आतल्या सोन्याची आणि दुसरी त्याच्या दुर्मिळपणाची, म्हणजे दागिन्यात सोनं वेगळं आणि घडणावळ वेगळी असते ना, तसंच. सोन्याची किंमत कुठलाही सराफ देईल, पण दुर्मिळपणाचे पैसे फक्त तोच देतो ज्याला ते नाणं हवंय, आणि तो माणूस तुम्हाला शोधावा लागतो.

आता हिशोब करू. दहा डॉलरच्या नाण्याचं वजन १६.७२ ग्रॅम, सोनं ९० टक्के, म्हणजे आत ०.४८३८ औंस शुद्ध सोनं (सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा). पाच डॉलरच्यात बरोबर अर्धं, ०.२४१९. गिनी २२ कॅरेटची, ७.९८८ ग्रॅम, आत ०.२३५४ औंस. ऑलिम्पिकच्या नाण्याशी मात्र मी थांबलो. त्यांच्या यादीत ते "२२ कॅरेट, अर्धा औंस" लिहिलंय, पण तुम्ही फुटपट्टी शेजारी ठेवून काढलेल्या फोटोत ते २७ मिलिमीटर दिसतंय. त्या वर्षी शंभर डॉलरची दोन नाणी निघाली होती, २२ कॅरेटचं २५ मिलिमीटरचं होतं, १६.९७ ग्रॅम वजनाचं, आत अर्धा औंस सोनं, आणि दुसरं १४ कॅरेटचं, २७ मिलिमीटर, १३.३४ ग्रॅम, आत फक्त पाव औंस. म्हणजे जे मोठं दिसतं त्यात सोनं निम्मं. त्यांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, ही गल्लत खूप जणांची होते, पण पाव औंसाचे पैसे जास्त जातायत हे खरं.

सगळं धरून २.६६ औंस होतं, त्यांनी सांगितलेलं "जवळपास तीन औंस" नाही. आपल्या भाषेत सव्वाआठ तोळे, दहा ग्रॅमचा तोळा धरून. हिशोब सोपा जावा म्हणून औंसाला ५,००० कॅनेडियन डॉलर धरले (घ्याल त्या दिवशीचा भाव टाका) तर सोन्याचे साधारण १३,३०० डॉलर होतात. ते मागतायत २१,०००. म्हणजे वरचे ७,७०० डॉलर, जवळजवळ ५८ टक्के, नुसत्या दुर्मिळपणाचे.

आता ती तेवढी दुर्मिळ आहेत का? १९१२ ते १९१४ ची ही दहा आणि पाच डॉलरची नाणी म्हणजे कॅनडाने स्वतःच्या नावाने पाडलेली पहिली सोन्याची नाणी, एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला ढाल आणि मेपलच्या फांद्या, दिसायला फार सुंदर. पण पहिलं महायुद्ध लागलं आणि ती पाडणं थांबलं, त्यांचा मोठा साठा बँक ऑफ कॅनडाच्या तिजोरीत ७५ वर्षांहून जास्त पडून होता. २०१२ मध्ये त्यातली चांगली ३०,००० नाणी निवडून रॉयल कॅनेडियन मिंटने, म्हणजे तिथल्या सरकारी टांकसाळीने, लोकांना विकली, पाच डॉलरचं ५०० ला आणि दहा डॉलरचं १,००० ला, आणि उरलेली दोन लाखांच्या वर वितळवायला ठेवली. तुमच्या सहकाऱ्यांची सहाही नाणी याच विक्रीतली, मिंटच्या डबीतली. "बाकीची वितळवली म्हणून ही दुर्मिळ" असं ते म्हणतायत, पण जी वितळली ती बाजारात कधी नव्हतीच, उलट त्या विक्रीने बाजारात ३०,००० नाणी नव्याने आली. त्यांनी तेव्हा सहा नाण्यांचे ४,५०० डॉलर दिले असणार, तेव्हा सोनं औंसाला १,७०० च्या आसपास होतं म्हणजे आतलं सोनं झालं ३,७०० चं, वरची घडणावळ वीस टक्क्यांच्या आसपास. त्यांना झालेला फायदा बहुतेक सगळा सोन्याचा भाव चढल्यामुळे आहे. मग आपण ५८ टक्के का द्यायचे?

सहांमध्ये १९१४ चं पाच डॉलरचं जरा वेगळं, ते ३१,१२२ च पाडले होते, त्याला थोडं वरचं देणं मला पटेल. गिनीचं म्हणाल तर १९११ ची ओटावाची अडीच लाखांच्या वर पाडलीयत. तीच १९१६ ची असती तर मी तुम्हाला लगेच फोन केला असता, ती जगात हाताच्या बोटांवर नाही पण फार थोडी उरलीयत. ओटावाची खूण म्हणजे तारखेच्या बरोबर वर, चित्राखालच्या जमिनीच्या रेषेवर बारीक "सी", भिंगाशिवाय दिसत नाही.

माझ्या आजीकडे अशीच गिनी होती, १९१८ ची, आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली, तिच्यावर त्याच जागी "आय". आजीने सोनाराकडून तिला कडी लावून घेतली होती माळेत ओवायला आणि दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात घासायची. मी ती इथे एका डीलरला दाखवली, त्याने कडीच्या डागाकडे बघितलं आणि फक्त वजनाचा भाव सांगितला. आजीने काही चूक केली असं मला वाटत नाही, तिच्यासाठी तो दागिना होता. पण घडणावळ देऊन नाणं घ्याल तर त्याला घासायचं नाही, पुसायचंही नाही, कडेला धरूनच उचलायचं.

टॅक्सचंही बघा. ९९.५ टक्क्यांहून कमी शुद्ध सोन्यावर डीलर ओंटारियोत १३ टक्के एचएसटी म्हणजे विक्रीकर लावतो, तुम्ही ओळखीच्या माणसाकडून घेताय म्हणून तो वाचतोय, हा या सौद्यातला खरा फायदा आहे. ही नाणी आरआरएसपीत, म्हणजे रिटायरमेंटच्या बचत खात्यात, ठेवता येत नाहीत. संग्रहाची नाणी तोट्यात विकली तर तो तोटा शेअरच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त नाणी, चित्रं, स्टॅम्प अशा गोष्टींच्या नफ्यातूनच होतो. आणि लग्नासाठी भारतात नेणार असाल तर ड्यूटी फ्री सवलत दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही.

पण मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. तुम्ही जाता जाता लिहिलंय की मुलीच्या आरईएसपीत, म्हणजे शिक्षणाच्या बचत खात्यात, दोन वर्षं काही टाकलं नाही. अहो, तिथे २,५०० टाकले की सरकार ५०० देतं, आणि मागचं राहिलेलं असेल तर एका वर्षात ५,००० टाकून १,००० मिळतात. पहिल्याच दिवशी वीस टक्के, हातात भिंग न घेता! तेव्हा १४,००० मधले ५,००० आधी तिकडे टाका. ६,००० ला हात लावू नका, नोकरी गेली तर दोन महिने घर चालेल एवढे तरी हवेत. लाइन ऑफ क्रेडिट तर नकोच, सोनं व्याज देत नाही आणि बँक व्याज सोडत नाही.

राहिले ३,०००. त्यात १९१२ चं दहा डॉलरचं एक घ्या. सोन्याचे साधारण २,४२० झाले, वर दहा टक्के द्या, २,६५० च्या आसपास जमवा. मुलीला मोठी झाल्यावर हातात द्यायला याहून छान वस्तू नाही, आपण ज्या देशात आलो त्याचं पहिलं सोन्याचं नाणं. आणि घरच्या इन्शुरन्समध्ये नाण्यांची मर्यादा किती ते विचारून घ्या, बहुतेक पॉलिसीत ती फारच कमी असते, वेगळी नोंद करावी लागते.

शनिवारी त्यांच्याकडे जाताना ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि कॅलिपर घेऊन जा, किचनचा काटा चालणार नाही. दहा डॉलरचं १६.७२ ग्रॅम आणि २६.९२ मिलिमीटर भरलं पाहिजे. ऑलिम्पिकचंही त्यांच्यासमोरच वजन करा आणि १३.३४ आलं तर त्यांना नीट समजावून सांगा, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला ते चुकीचं सांगणार नाहीत. वजनं मला रात्री कळवा.