कूलर लावण्याआधी तेल किती तापतं ते मोजा

प्रश्न: नमस्कार. इचलकरंजीत माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप आहे. कोइमतूरच्या मित्राकडून जुनी फॉर्म्युला मारुती, म्हणजे एका सीटची रेस कार, घेतली. इंजिन मारुती ८००चंच, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ड्रायव्हरच्या पाठीमागे. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर थोड्या फेऱ्या जोरात मारल्या की ऑइल प्रेशरचा काटा उतरू लागतो. पाण्याचा काटा मात्र जागचा हलत नाही. ऑइल कूलर, म्हणजे तेलाचा छोटा रेडिएटर, बसवायचं ठरवलंय. १३ रोचा (नळ्यांच्या ओळींचा) घेऊ की १९ रोचा? बसवू कुठे? आमचा मेकॅनिक म्हणतो, भंगारातल्या एसीचा कंडेन्सर लावून टाकू.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: तो कंडेन्सर भंगारातच राहू द्या. त्याच्या नळ्या गॅससाठी केलेल्या, बारीक. थंड, घट्ट तेल त्यातून ढकलताना प्रेशर तिथेच खर्ची पडणार, आणि आत जुना कचरा असेल तर तो थेट तुमच्या तेलात.

गाडी मात्र झकास मिळवलीत! एस. करिवर्धन यांनी रस्त्यावरच्या मारुतीचेच भाग वापरून परवडणारी सिंगल सीटर उभी केली, त्या घराण्यातली ही. तुम्ही जिथे ती पळवता त्या ट्रॅकलाही त्यांचंच नाव आहे.

आता मला एक सांगा, काटा उतरतो तो कधी? लांब वळणात झटकन पडतो आणि सरळ रस्त्याला लागलं की परत वर येतो? तसं असेल तर तेल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, एका बाजूला सरकतंय आणि पंपाची जाळी हवा ओढतेय. त्यावर कूलरचा काडीचा उपयोग नाही. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करा आणि तेलाची पातळी वरच्या खुणेला ठेवा. काटा फेरीगणिक हळूहळू, वळण असो वा सरळ, उतरत जातो? मग तेल तापून पातळ होतंय, आणि पुढचं वाचा.

हे होतं कारण पाण्याचा रेडिएटर पाण्यापुरताच असतो. बेअरिंगमधलं घर्षण आणि पिस्टनची खालची बाजू यांची उष्णता तेल उचलतं. रस्त्यावर चाळीसहून कमी अश्वशक्ती देणारं हे इंजिन तुम्ही सतत वरच्या आरपीएमला फिरवणार, आणि चेंबरमध्ये तेल तीन लिटरच्या आत. १०० अंशांना जो दाटपणा असतो, तो १३० अंशांना जवळपास निम्मा होतो. प्रेशर पडणारच.

पण हे सगळं अंदाजाने बोलू नका. तुमच्याकडे लेथ आहे, मग काळजी कसली? चेंबरच्या ड्रेन बोल्टला मधोमध भोक पाडा, सेन्सरच्या मापाचे आटे काढा, तापमानाचा सेन्सर बसवा, खाली नवीन तांब्याचा वायसर. काटा डॅशवर. मग तेवढ्याच फेऱ्या मारा. चेंबरमध्ये ९० ते ११० अंश दिसले तर कूलर नकोच. १२०च्या पुढे जाऊन तिथेच बसत असेल तर हवा. आणि तेल शंभराच्या आसपास असतानाच प्रेशर कमी दाखवत असेल, तर दोष तापलेल्या तेलाचा नाही, बहुधा झिजलेल्या बेअरिंगचा आहे. अशा इंजिनाला कूलर लावणं म्हणजे आजार झाकणं. चेंबर खोला, क्रँकशाफ्टचं माप घ्या.

समजा, तापमान खरोखरच जास्त निघालं. मग १० रो पुरे, फार तर १३. १९ रोचा मोठ्या इंजिनांसाठी ठेवा. मिनिटाला १५ लिटर तेल कूलरमधून जाऊन १० अंशांनी उतरलं, तरी चार किलोवॉटहून जास्त उष्णता बाहेर गेली. ८०० सीसीला तेवढं भरपूर आहे. जास्त थंड केलेलं तेल हा उलटा रोग आहे. ७० अंशांच्या खाली ते घट्ट राहतं, ताकद खातं, आणि त्यात उतरलेलं पाणी नि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून ब्लॉक आणि फिल्टर यांच्यामधली सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवालीच घ्या, साधारण ८० अंशांना उघडणारी.

या प्लेटचे आटे नीट बघा. बाजारात पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा ॲडॅप्टर मिळतो आणि २० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचाही (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). पहिल्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर, पिच जेमतेम १.५९. तो दुसऱ्याच्या भोकात सैलसर शिरतो आणि हाताला वाटतं, बसला. थंड इंजिन सुरू केल्यावर सहा-सात बार प्रेशर आलं की फिल्टरसकट सगळं खाली! जुन्या फिल्टरला पिच गेज लावून मगच ऑर्डर द्या. प्लेटमुळे फिल्टर बाहेर सरकतो, तेव्हा चासीच्या पाइपला टेकत नाही ना, तेही बघा.

प्लेटपासून कूलरपर्यंतचे होज, म्हणजे तेलाचे पाइप, कमीत कमी लांबीचे, झोकदार वळणाचे, कुठेही काटकोनात मुडपलेले नकोत. रबरी पाइपवर साधी जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) तर नकोच नको. स्टीलच्या जाळीचा होज दिसायला देखणा, पण कंपनात कानशीसारखा घासतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत त्याने ब्रेकची नळी जवळपास आरपार खाल्ली होती. जिथे होज दुसऱ्या कशाला लागतो तिथे रबर गुंडाळा, क्लॅम्प मारा, आणि सायलेन्सरपासून हातभर लांब ठेवा.

कूलरची जागा साइडपॉडमधली, म्हणजे गाडीच्या कुशीतल्या खोक्यातली. रेडिएटरमधून आलेली गरम हवा कूलरवर येता कामा नये. लोक हवा आत येण्याचं तोंड मोठं करत बसतात आणि बाहेर जायला वाट ठेवत नाहीत; मग ती आत तुंबते नि कूलरला वळसा घालून जाते. मागची वाट मोकळी ठेवा. पुढचं तोंड कूलरच्या अर्ध्या क्षेत्रफळाएवढंही चालतं, पण कडेच्या फटी फोमने बंद हव्यात. कूलरची दोन्ही तोंडं वर ठेवा म्हणजे हवा अडकत नाही. खाली रबरी बुश आणि समोर खड्यांसाठी जाळी.

बसवल्यावर लगेच इंजिन सुरू करू नका. कूलर आधीच तेलाने भरून घ्या, तिन्ही प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा आणि प्रेशर येईपर्यंत इंजिन नुसतं स्टार्टरने फिरवा. नंतर तेल पुन्हा मोजा, कूलर-होजमध्ये अर्धा-पाऊण लिटर जातंच. आणि पुढेमागे कधी बेअरिंग उडालं, तर कूलर बदला. आतला धातूचा चुरा धुऊन निघत नाही.

प्रश्न: सर, आम्ही सांगलीचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेस कार स्पर्धेसाठीच्या गाडीत केटीएम ३९०चं इंजिन आहे. ऑइल कूलर लावला तर परीक्षकांवर छाप पडेल का?

उत्तर: आधी सांगा, तेल किती तापतं? त्याचा आकडा तुमच्या पत्रात नाही, आणि परीक्षक पहिल्यांदा तोच विचारतील. नियमाप्रमाणे इंजिनाची हवा २० मिलिमीटरच्या रेस्ट्रिक्टरमधून, म्हणजे अरुंद केलेल्या तोंडातून, येते, म्हणजे इंजिन मोटरसायकलवर जेवढी उष्णता करतं त्याहून फारशी जास्त करत नाही. कमी पडते ती थंड करणारी हवा, कारण इंजिन तुम्ही सीटच्या मागे कोंडलंय. आधी रेडिएटरची डक्ट, म्हणजे हवेची वाट, दुरुस्त करा. आणि हो, या इंजिनात क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारचं तेल ओतू नका, क्लच घसरेल.