रागावणे हेही लक्ष देणेच

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांची गावठी कुत्री आहे, चिंगी. मी घरून काम करते. मी फोनवर बोलू लागले की ती समोर येऊन भुंकते, पंजाने मांडी ओरबाडते आणि तरीही दाद दिली नाही तर चप्पल तोंडात धरून पळत सुटते. रागावून झाले, एकदा चापटही मारली. सासूबाई म्हणतात, बिस्कीट दिले की गप्प बसते. आणि ते खरेच आहे. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चिंगीचा हिशेब चोख आहे. ती निमूट पडून असते तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही आणि चप्पल उचलली की सारे घर तिच्यामागे धावते. तुमच्या लेखी रागावणे ही शिक्षा असली, तरी तासभर एकट्या बसलेल्या कुत्रीला नजर, आवाज आणि स्पर्श यांतले काहीही मिळाले तरी ते हवेच असते. चापट मात्र पुन्हा मारू नये. तिने भुंकणे थांबत नाही, हाताची भीती तेवढी बसते.

ही खोड अचानक सुरू झाली असेल, तर आधी पशुवैद्यांना दाखवावे. कान दुखत असला किंवा अंगाला खाज असली, तरी कुत्रे असेच मागे लागते.

तब्येत ठीक असेल, तर कामाला बसण्यापूर्वी तिला अर्धा तास फिरवून आणावे आणि वाटेत मनसोक्त हुंगू द्यावे. मग खुर्चीजवळ तिची चटई अंथरावी आणि फोन कानाला लावून खोटेच बोलावे, आधी फक्त पाच सेकंद. ती चटईवर शांत असेल, तर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा काही न बोलता तिच्या पुढच्या पायांमध्ये ठेवावा. पुढे दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, असे वाढवत न्यावे. ती भुंकली तर मान फिरवावी. पंजा मारला तर उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि ती क्षणभर गप्प झाली की परत यावे. चपला कपाटात ठेवाव्यात, म्हणजे त्या खेळाला भांडवलच उरणार नाही.

पहिले काही दिवस भुंकणे वाढेल. आजवर चालत आलेला उपाय चालेनासा झाला की कुत्रे तोच अधिक जोराने करून पाहते, आणि नेमक्या याच वेळी घरातले कोणीतरी हार मानते. वीस मिनिटांनी का होईना, बिस्कीट मिळाले, तर वीस मिनिटे भुंकावे लागते एवढेच ती शिकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते, की ज्या वर्तनाला अधूनमधूनच बक्षीस मिळते ते दर वेळी बक्षीस मिळणाऱ्या वर्तनापेक्षा सुटायला कठीण जाते. ‘आजच्या दिवस देऊ या’ हे म्हणूनच सर्वांत महागात पडते.

तेव्हा सासूबाईंना बिस्किटे देऊ नका म्हणून सांगत बसण्यापेक्षा तुकड्यांची वाटी त्यांच्याच हाती द्यावी. मनुका, चॉकलेट आणि कांदा घातलेला पदार्थ त्यात नसावा, आणि हे तुकडे तिच्या रोजच्या जेवणातूनच वजा करावेत. चिंगीचे चारही पाय चटईवर आणि तोंड बंद असेल तेव्हाच तुकडा द्यायचा, एवढा एकच नियम त्यांना सांगावा. लाड करायला मिळत असतील, तर आजी तो आनंदाने पाळतील.