फाउंडेशन मालिका कुठून सुरू करावी?

तुम्ही विचारलंय की आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ ही विज्ञानकथांची मालिका कथेतल्या काळानुसार, म्हणजे ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’पासून वाचावी, की पुस्तकं आली त्या क्रमाने. माझं ठाम मत आहे: १९५१ सालच्या ‘फाउंडेशन’पासूनच सुरुवात करा.

काळानुसार वाचणाऱ्यांची बाजू तशी लंगडी नाही. ‘प्रील्यूड’च्या प्रारंभी खुद्द असिमोव्ह यांनीच आपल्या पुस्तकांची काळानुसार यादी दिली आहे, आणि तीत रोबोट कथा सगळ्यांत आधी येतात. तरीही पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी ती यादी कधीच देणार नाही.

याचं कारण हॅरी सेल्डन. ‘फाउंडेशन’मध्ये तो भेटतो तेव्हा म्हातारा झालेला असतो. आकाशगंगाभर पसरलेलं साम्राज्य कोसळणार हे त्याने गणिताने ताडलंय, आणि त्यानंतरचा तीस हजार वर्षांचा अंधार एक हजार वर्षांवर आणायची योजनाही आखलीय. मग तो जातो. पन्नास वर्षांनी एका बंद दालनात त्याची आधीच मुद्रित करून ठेवलेली प्रतिमा उमटते. चाकाच्या खुर्चीत बसलेला, मांडीवर पुस्तक. तो पुस्तक मिटतो आणि सांगतो की समोर कोण बसलंय हे मला दिसत नाही. तिथे अंगावर काटा येतो, कारण या माणसाला किती ठाऊक होतं याचा आपल्याला अजिबात अंदाज नसतो. ‘प्रील्यूड’मध्ये हाच सेल्डन ३२ वर्षांचा आहे, आणि सायकोहिस्टरी, म्हणजे मोठ्या समाजांचं भविष्य गणिताने वर्तवायचं त्याचं शास्त्र, प्रत्यक्षात जमेल की नाही याची त्यालाच खात्री नाही. ते आधी वाचलं की दालनातला तो प्रसंग निम्मा विझतो. शिवाय ‘प्रील्यूड’च्या शेवटी जे उघड होतं, त्याची खरी मजा रोबोट कादंबऱ्या वाचलेल्यालाच कळते.

एक मात्र आधीच सांगतो. पहिलं पुस्तक म्हणजे सलग कादंबरी नाही. १९४२पासून मासिकात आलेल्या कथा त्यात जोडल्या आहेत, आणि सुरुवातीचा ट्रँटरवरचा, म्हणजे साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहावरचा, भाग पुस्तकासाठी नंतर लिहिलेला आहे. दर भागात नवी माणसं येतात, लढाया पडद्याआड होतात, समोर असतो तो संवाद आणि डावपेच. स्त्रिया जवळजवळ नाहीतच, आणि हे मला खटकतं. पुढच्या दोन पुस्तकांत बेटा आणि आर्केडी या नायिका येतात आणि चित्र बदलतं. कंटाळा आलाच तर निदान ‘फाउंडेशन अँड एम्पायर’चा उत्तरार्ध गाठेपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका. मालिकेतला सगळ्यांत जबरदस्त भाग तोच.

‘सेकंड फाउंडेशन’ (१९५३) संपलं की थांबलात तरी चालेल. पुढचं पुस्तक, ‘फाउंडेशन्स एज’, थेट १९८२ साली आलं. त्याची चाल संथ आहे आणि जाडीही बरीच. ते आवडलं तर ‘फाउंडेशन अँड अर्थ’ला हात घालण्याआधी ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ आणि ‘द नेकेड सन’ या दोन रोबोट कादंबऱ्या वाचून घ्या, म्हणजे शेवट नीट पोचेल. ‘प्रील्यूड’ त्यानंतर, आणि अगदी शेवटी ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’. हे पुस्तक असिमोव्ह १९९२ साली गेल्यावर प्रसिद्ध झालं. त्यात सेल्डन थकत जातो, त्याची माणसं एकेक करून दूर होतात, आणि काम अजून उरलेलं असतं. बाकीची सगळी पुस्तकं वाचून मग ते वाचलं, तर फार आत जाऊन लागतं.

आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर कृपया वाचू नका. थेट पहिलं पान उघडा.